फोंतेलाची शेवटची लाइन

"आणि याची तार कुठाय?"

झुल्मिरामावशीने तो पांढरा डबा हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. डबा विटेएवढा होता, पण वजनाला काहीच नाही.

"याला तार लागत नाही, मावशी," टेलिफोन कंपनीचा एर्मिनिओ म्हणाला. "विजेला जोडायचा, की झालं. आवाज हवेतून येतो."

"हवेतून तर आगही आली होती," मावशी म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवून दिला.

चुलीशी बसलेला आल्बानो खो खो हसला. हा शेजारचा म्हातारा, शहाऐंशी वर्षांचा. बायको गेल्यापासून स्वतःची चूल पेटवायचा त्याला कंटाळा, त्यामुळे सकाळ झाली की काठी टेकत मावशीकडे यायचा आणि तिच्या चुलीपुढे शेकत बसायचा.

"त्या बिचाऱ्याला कशाला धरतेस?" तो म्हणाला. "त्याच्या हातात जे दिलं ते घेऊन आला. घोटभर काढ की त्याच्यासाठी."

"ड्यूटीवर आहे, आल्बानोकाका."

"म्हणून तर लहान ग्लासात म्हणतोय."

मावशीने कपाटातून बिनचिठ्ठीची बाटली काढली. घरी गाळलेली दारू होती, रानफळांची. एर्मिनिओने ग्लास हातात घेतला पण ओठाला लावला नाही. त्याच्या खिशात एक फॉर्म होता आणि त्यावर आज मावशीची सही घ्यायची होती.

आग ऑक्टोबरात लागली होती. नदीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत पाइन आणि निलगिरीचं सगळं रान तिने दीड दिवसात संपवलं. डोंगरातली फोंतेलाची वस्ती वाचली ती घरांभोवतीच्या ऑलिव्हच्या बागांमुळे आणि नुकत्याच नांगरलेल्या परसांमुळे. पण नदीवरच्या पुलापासून वस्तीपर्यंत सरळ चढत गेलेले टेलिफोनचे एकोणीस खांब उभ्या उभ्या जळाले. एर्मिनिओ तिसऱ्या दिवशी तिथे गेला तेव्हा राखेत तांब्याच्या तारेची वेटोळी पडलेली होती आणि काही खांबांच्या जागी जमिनीत नुसती काळी भोकं उरली होती. विजेच्या कंपनीने तीन आठवड्यांत नवे खांब घातले. टेलिफोनच्या कंपनीकडून कोणी आलं नाही. आता मार्च उजाडला होता.

ते एकोणीस खांब एर्मिनिओनेच रोवले होते. त्याला अडतीस वर्षं होऊन गेली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, नोकरीत नवा होता, आणि दोन मजूर व एक खेचर घेऊन तो हा डोंगर चढला होता. फोंतेलात तेव्हा साठ-सत्तर माणसं राहायची. सगळ्या वस्तीत मिळून एकच फोन द्यायचा होता, आणि तो कुणाच्या घरी, यावरून चर्चच्या पायऱ्यांवर दोन रविवार भांडणं झाली. शेवटी तो झुल्मिराकडे आला, कारण तिचं घर बरोबर मध्यावर होतं आणि तिचा आवाज पलीकडच्या उतारावरच्या मळ्यापर्यंत जायचा.

"हिला फोन कशाला हवा?" आल्बानो तेव्हापासून म्हणत आला होता. "खिडकीतून ओरडली तरी फ्रान्सला ऐकू जाईल."

आमच्या भागातली निम्मी माणसं तेव्हा परदेशी बांधकामावर होती. त्यांचे फोन ठरल्या वेळी यायचे. घंटा वाजली की झुल्मिरा हात पुसत धावायची, नाव विचारायची, रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायची आणि जिन्यात जाऊन हाक मारायची. मग कुणाची बायको, कुणाची आई चिखलाच्या पायांनी धावत यायची. झुल्मिरा स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर बसायची. कुणाच्या घरी काय झालं हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि तिच्या तोंडून ते कधीच बाहेर पडायचं नाही. पाच वर्षं अशी गेली. मग एके दिवशी दुपारी घंटा वाजली. तिने नेहमीसारखं विचारलं, "कुणासाठी?" पलीकडून फ्रान्समधल्या ल्योंच्या बांधकामावरचा मुकादम म्हणाला, "तुमच्यासाठीच, बाई." तिचा नवरा पाचव्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता.

त्यानंतरही तिने फोन सांभाळला. हळूहळू लोकांनी आपापल्या घरी फोन घेतले, मग लोकच गेले. तिची मुलगी ग्रासिंदा एकोणीस वर्षांची असताना लक्झेंबर्गला साफसफाईच्या कामाला गेली, तिथेच तिने संसार केला. तिचा फोन दर रविवारी बाराला यायचा. आगीनंतरच्या पाच महिन्यांत तो आला नव्हता. निरोप पाववाल्या सेलेस्तच्या मोबाइलवर यायचे. सेलेस्त मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी घेऊन वर यायची तेव्हा ते सांगायची: ग्रासिंदा बरी आहे, नातीची परीक्षा झाली, तिकडे बर्फ पडलाय.

"मी रोज उचलून बघते," मावशीने खिडकीखालच्या जुन्या काळ्या फोनकडे बोट केलं. "आधी एक गुणगुण तरी असायची. आता कानाला नुसती भिंत लावल्यासारखं वाटतं."

एर्मिनिओने ग्लास खाली ठेवला. "चला, बघू या हा चालतो का."

स्वयंपाकघरात सिग्नल मिळाला नाही, झोपायच्या खोलीतही नाही. पोटमाळ्यावर, कांदे-बटाटे पसरलेले असायचे तिथे, उत्तरेच्या छोट्या खिडकीशी डबा धरला तेव्हा एक हिरवा दिवा लुकलुकला, विझला, परत लागला. एर्मिनिओ तो धरून बराच वेळ उभा राहिला. एक पाऊल डावीकडे सरकलं की दिवा जायचा. खिडकीबाहेर समोरचा उतार दिसत होता. जळून काळे पडलेले पाइन अजून तसेच उभे होते, ते तोडायला कोणी आलं नव्हतं.

फॉर्मवर दोन चौकोन होते. एक 'चाचणी यशस्वी' आणि दुसरा 'सिग्नल अपुरा'. दुसऱ्यावर खूण केली तर नियमाप्रमाणे कंपनीला जुनी लाइन परत उभी करावी लागायची, म्हणजे नदीपासून वरपर्यंत एकोणीस खांब. एर्मिनिओला नियम पाठ होता. आणि इंजिनिअर साल्गादुला हे माहीत होतं की एर्मिनिओला नियम पाठ आहे, म्हणूनच त्याने आदल्या दिवशी मुद्दाम फोन केला होता.

"एर्मिनिओ, फोंतेलात किती सह्या राहिल्यात?"

"एकच. झुल्मिरामावशीची. तिथल्या दोघी म्हाताऱ्या बहिणींनी केली, आल्बानोकाकांकडे फोन नाही, बाकीची घरं बंद आहेत."

"म्हणजे एका बाईसाठी एकोणीस खांब. वरचे लोक माझं काय करतील सांग."

"साहेब, तिथे सिग्नल मिळणं कठीण आहे. दरी आहे."

"कठीण आहे म्हणजे मिळतो, असंच ना?" साल्गादु म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पोरांच्या वयाचा होता आणि एर्मिनिओशी आपुलकीने बोलायचा. "हे बघ, मी तुला काहीही लिहायला सांगत नाही. पण तू 'अपुरा' लिहिलंस तर ते मला दुसऱ्याला पाठवायला सांगतील आणि तो 'यशस्वी' लिहून येईल. ठेकेदाराचा माणूस, त्याला काय? तेवढ्यात तुझा भाग पूर्ण झाला नाही म्हणून तुझ्या निवृत्तीचा कागद पुढच्या वर्षावर जाईल. गुडघा कसा आहे?"

"आहे."

"मग बघ काय ते."

घरी फिलोमेनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तू त्या गुडघ्यावर आणखी एक वर्ष खांबांवर चढणार आहेस?"

आता त्याने डबा खिडकीच्या चौकटीला पट्टीने घट्ट बसवला, भिंतीच्या कडेने वायर खाली स्वयंपाकघरात आणली आणि तिला बटणांचा नवा फोन जोडला. या डब्याला जुन्या फोनची आकडे फिरवायची चकती समजत नव्हती. काळा फोन त्याने बाजूला सरकवला. मावशीने तो उचलून कपाटावर ठेवला, त्याची विणलेली झालरही तशीच त्याच्यावर घातली.

"ग्रासिंदाचा नंबर सांगा."

तिने पाठ सांगितला. त्याने बटणं दाबली आणि रिसीव्हर तिच्या कानाशी दिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मावशी एकदम ओरडली, "ग्रासिंदा! अगं मी! मी बोलतेय, आई! घरून! हो, घरून! एर्मिनिओ आलाय, टेलिफोनवाला!" आल्बानो काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला. मावशी उभ्यानेच बोलत होती, मोकळा हात हलवत होती, हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. "किती स्वच्छ येतोय गं तुझा आवाज! जणू परसात उभी आहेस." तिने कोबीचं सांगितलं, आगीचं पहिल्यापासून सांगितलं, आल्बानोची शेळी व्यायली ते सांगितलं. मग बोलता बोलता थांबली. "ग्रासिंदा? ... ग्रासिंदा?"

तिने रिसीव्हर एर्मिनिओपुढे धरला. "गेली."

पोटमाळ्यावरचा दिवा विझला असणार हे त्याला न बघताच कळलं.

"तिकडूनच कट झाला असेल," तो म्हणाला. "तिचं काम असेल काही."

"हो, कामावरच असते ती या वेळी," मावशी लगेच म्हणाली. "मीच मेली बोलत सुटले."

त्याने फॉर्म टेबलावर उलगडला.

"यावर काय लिहिलंय?"

"लिहिलंय, की हा फोन तुम्हाला दिला, तो चालतो, आणि जुन्याच्या जागी हा तुम्हाला चालेल."

"चालेल ना रे?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. आल्बानोने खाली वाकून निखारे सारखे केले. एर्मिनिओने पेनचं टोपण काढलं. "बोललात ना आत्ता?"

"तू सांगतोस तर करते," मावशी म्हणाली. "बर्फातून खांबावर चढला होतास, नाताळच्या आदल्या दिवशी, आठवतं? बोटं निळी पडली होती तुझी. लाइन लावून दिलीस आणि सूपसुद्धा न घेता गेलास." तिने जीभ दातात धरून सही केली, एकेक अक्षर स्वतंत्र, शाळेतल्या मुलीसारखं. मग त्याने वरच्या चौकोनात 'चाचणी यशस्वी' वर खूण केली.

जूनमध्ये तो निवृत्त झाला. ऑफिसने जेवण दिलं, साल्गादुने भाषण केलं, फिलोमेनाने नवा ड्रेस घातला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. उन्हाळा बरा गेला. सेलेस्त बाजारात भेटली की सांगायची, मावशीचा फोन आहे, चालतो, मध्ये मध्ये जातो. पाऊस असला की जात नाही म्हणे आवाज पलीकडे. मग रविवारी मावशी रिसीव्हर कानाला लावून पोटमाळ्याच्या शिडीखाली उभी राहते, तिला वाटतं तिथे जास्त नीट येतं. एर्मिनिओ ऐकून घ्यायचा आणि दुसरा विषय काढायचा. एकदा तो गाडी काढून अर्ध्या वाटेपर्यंत गेला होता, पुलाशी थांबला, चढावाकडे बघितलं आणि परत आला. वर जाऊन करायचं काय होतं? हातात काही हत्यार नव्हतं, लाइन नव्हती, कंपनीचं ओळखपत्रही त्याने परत केलं होतं.

जानेवारीच्या शेवटी वादळ आलं. आमच्याकडे दोन दिवस वारा असा होता की कौलं रस्त्यावर वाजत होती. उभे जळलेले पाइन, ज्यांची मुळं आतून कुजली होती, ते एकामागून एक आडवे झाले. रस्त्यांवर पडले, विजेच्या तारांवर पडले. डोंगरातल्या सगळ्या वस्त्या अंधारात गेल्या. फोंतेलात त्या वेळी दोनच माणसं होती. त्या दोघी बहिणी हिवाळ्यात भाच्याकडे जायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी एर्मिनिओ चौकातल्या कॅफेत कॉफी घेत होता. सेलेस्त आत आली, तिच्या हातमोज्यांना पीठ होतं आणि डोळे सुजलेले होते. तिने कॉफी मागवलीच नाही.

"आल्बानोकाका गेले," ती काउंटरला टेकून म्हणाली. "काल."

कॅफेतली तीन-चार माणसं वळली.

"मी पुलापर्यंत गेले होते, म्हटलं बघू या कुठवर गाडी जाते. तर समोरून काहीतरी येतंय. मला वाटलं, वाऱ्याने उडालेलं प्लास्टिक आहे. झुल्मिरामावशी होती! डोक्यावरून खताची गोणी, हातात आल्बानोकाकांची काठी. अहो, रस्त्याने सात किलोमीटर! पडलेल्या झाडांवरून, झाडांखालून! पंचाऐंशी वर्षांची बाई! गुडघे फुटलेले. मला बघितलं तर 'सेलेस्त' नाही, काही नाही. म्हणाली, 'आल्बानोच्या छातीत दुखतंय, पहाटेपासून. गाडी बोलाव.'"

"मग?"

"मग काय! मी फोन लावला, अग्निशमनवाले रुग्णवाहिका घेऊन लगेच निघाले, पण रस्ता कापत कापत जायचं होतं. करवत चालवत गेले ते. वर पोचले तेव्हा चार वाजले होते. गार झाले होते काका. उशाशी पाण्याचा ग्लास ठेवलेला, आणि मावशीची शाल पांघरलेली. ती शालीशिवाय खाली आली होती त्या वाऱ्यात."

काउंटरमागच्या माणसाने विचारलं, "तिच्याकडे फोन होता ना?"

एर्मिनिओने कपातली कॉफी ढवळली. साखर कधीच विरघळली होती.

"होता ना," सेलेस्त म्हणाली. "रडतेय ती त्याच्यावरच. म्हणते, मी दाबत होते, सारखी दाबत होते, माझं कुठलं तरी बटण चुकलं. जुना असता तर मला आला असता, म्हणते."

अंत्यविधी शनिवारी झाला. आल्बानोचा मुलगा फ्रान्सहून गाडी चालवत आला, अमिल्कार त्याचं नाव. पन्नाशीचा, लठ्ठ, बापासारखेच मोठे कान. पोरगा असताना तो झुल्मिराच्याच पायरीवर बसून बापाच्या फोनची वाट बघायचा, कारण तेव्हा आल्बानोही तिकडेच कामाला होता. आता तो दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेत होता. मावशीची पाळी आली तेव्हा तिने त्याचा हात सोडलाच नाही.

"अमिल्कार, मला माफ कर बाळा. दोष माझा आहे."

"काय बोलता, मावशी!"

"मला तो नवा फोन नीट शिकवला होता. मीच धांदरट. एक-दोनदा नाही, वीसदा दाबलं असेल. काहीतरी चुकत होतं. आधी कानात काहीतरी वाजायला हवं ना, ते वाजतच नव्हतं. अर्धी सकाळ मी त्या बटणांत घालवली. तेव्हाच निघाले असते तर..."

"वय झालंय मावशी तुमचं. तुमची काय चूक?" अमिल्कार म्हणाला. तो तिला समजावत होता, पण तिची चूक झाली हे त्याने मान्य केलं होतं, आणि ते तिला कळलं. तिने मान हलवली.

एर्मिनिओ चार पावलांवर उभा होता, टोपी हातात. त्याने फिलोमेनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तो पुढे झाला, अमिल्कारचा हात हातात घेतला, "वाईट झालं," एवढं म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.

सोमवारी त्याने साल्गादुला फोन केला.

"वीज गेली की तो डबा बंद पडतो, साहेब. तांब्याच्या लाइनला तसं नव्हतं. तिला वीज खालच्या एक्स्चेंजमधून मिळायची. चार दिवस अंधार असला तरी फोन चालायचा."

"एर्मिनिओ, मला माहीत आहे."

"मी 'यशस्वी' लिहिलं होतं."

"एक कॉल लागला होता ना? म्हणजे यशस्वीच."

"मला लेखी द्यायचंय. की सिग्नल अपुरा होता, मी चुकीचं लिहिलं. म्हणजे मग खांब..."

मग साल्गादु हळू आवाजात बोलला. "खालचं एक्स्चेंज सप्टेंबरात बंद झालं. यंत्रं उचलून नेली, खोली भाड्याने दिली आहे. उद्या मी एकोणीस काय, नव्वद खांब रोवले तरी तार जोडायला जागाच नाही. तू लिही, मी पाठवतो वर. पण त्याचं काय होईल ते तुलाही माहीत आहे. तुझ्यावर मात्र चौकशी लागेल."

एर्मिनिओने तरी लिहिलं. दोन पानं, हाताने. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात त्याचे आभार मानले होते, आणि ग्राहकाने सेवा स्वीकारल्याची सही दफ्तरी असल्यामुळे प्रकरण बंद केल्याचं कळवलं होतं. चौकशी लागली नाही. तेवढंही महत्त्व त्याला कोणी दिलं नाही.

उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो फोंतेलाला गेला. या वेळी तो पुलाशी थांबला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेले ओंडके रचून ठेवले होते. आल्बानोच्या शेळ्या कोणीतरी नेल्या होत्या, गोठ्याचं दार उघडंच होतं. सबंध वस्तीत मावशीच्या एकाच घरातून धूर येत होता.

ती चुलीपुढे एकटीच होती. त्याला बघून उठायला लागली, पण पाय अजून बरे नव्हते.

"बसा, मावशी. मी तुम्हाला काही सांगायला आलोय."

"सूप घेशील?"

"आधी ऐका." तो उभाच राहिला. घरून निघताना त्याने वाक्यं जुळवली होती. "तुमचं बटण चुकलं नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही. वीज गेली की हा फोन चालतच नाही, कुणीही दाबला तरी. मी दाबला असता तरी लागला नसता. आणि वीज असली तरी इथे नीट सिग्नल नाही. ग्रासिंदाचा फोन त्या दिवशी तिकडून कट झाला नव्हता. मला माहीत होतं. सगळं मला सही घेतानाच माहीत होतं, मावशी. मी 'नाही चालत' असं लिहिलं असतं तर त्यांना खांब घालावे लागले असते. मी लिहिलं नाही."

मावशीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, काठी उचलेल. तो त्याचीच वाट बघत होता.

"तू कशाला तसं करशील रे?" ती म्हणाली.

"केलं मी."

"नाही." तिने हात हलवला. "अंत्यविधीला तू होतास, बघितलं मी तुला. माझं ऐकून तुला वाईट वाटलं. म्हणून माझ्यावरचं ओझं घ्यायला आलास. तुझा स्वभाव माहीत आहे मला अडतीस वर्षांचा. पण असं खोटं बोलू नये, मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच."

"मावशी, मी खोटं नाही..."

"बस्स, एर्मिनिओ." तिचा आवाज चढला. तोच जुना आवाज, पलीकडच्या उतारापर्यंत जाणारा. "तूसुद्धा तसा निघालास तर मी इथे कुणाच्या भरवशावर राहू? सांग ना. ग्रासिंदा म्हणते तिकडे ये. तिथे काय करू? इथे रात्रंदिवस एकटी आहे मी. काही झालं तर हा फोन आहे, आणि तो तू लावलाय. एवढंच आहे ना माझ्याकडे?"

एर्मिनिओ आल्बानोच्या रिकाम्या स्टुलावर बसला, कारण दुसरं बसायला काही नव्हतं.

मावशीने डोळे पुसले आणि फोन ओढून मांडीवर घेतला. रिसीव्हर जागेवरच होता. "मी रोज सराव करते," ती म्हणाली. "दुपारी, जेवण झालं की. म्हणजे परत वेळ आली तर चुकायला नको. मदतीचा नंबर सोपा आहे तसा, तीनच आकडे. पण घाबरल्यावर बोट घसरतं."

तिने उजव्या हाताचं पहिलं बोट ताठ केलं. सांधे सुजलेले होते, नखात मातीची रेघ होती. डोळे बारीक करून तिने बटणं शोधली आणि एकेक करून, प्रत्येकावर नीट भार देऊन दाबली.

"एक. एक. दोन." तिने मान वर केली. "बरोबर ना?"

"बरोबर, मावशी," एर्मिनिओ म्हणाला.

ती परत फोनवर वाकली.